गालिचा घेण्यापूर्वीचे माप

सोलापूर हे मापाचे शहर आहे. चादर, टॉवेल आणि कापडाच्या व्यापारावर वाढलेल्या या गावात एका गल्लीचे नावच चाटी गल्ली आहे, आणि चाटी म्हणजे कापड विकणारा व्यापारी. पेढीवर बसू लागलेल्या मुलाला पहिल्या काही दिवसांतच गज कसा धरावा, कापड न ताणता कसे मोजावे, अंगठा कोठे ठेवावा हे शिकवले जाते. एका मापात बोटभर फरक पडला तर संपूर्ण ठाणाअखेर तो किती होतो, हे येथील व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. तरीही हाच गृहस्थ स्वतःच्या दिवाणखान्यासाठी गालिचा घ्यायला निघतो तेव्हा दुकानात सांगतो, ‘‘असेल बारा बाय पंधरा.’’ दुकानात जे कधी चालवून घेतले नसते, ते घराच्या बाबतीत सहज चालून जाते.

पूर्वी हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. घरात जाजम, सतरंजी किंवा जमखाना असे. पेढीवर गादी, तक्के आणि वर पांढरी चादर असे. या वस्तू ठरावीक आकारात विणून तयार मिळत. खोलीपेक्षा सतरंजी थोडी लहान निघाली तर कडेची फरशी दिसे, मोठी निघाली तर एक घडी आत घातली जाई. कोणाचे नुकसान होत नसे. भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरणाऱ्या कार्पेटचे तसे नाही. ते मोठ्या गुंडाळीतून कापून घ्यावे लागते, आणि एकदा कात्री चालली की तो तुकडा त्या एकाच खोलीचा होतो. दुसऱ्या कोणत्याही गिऱ्हाइकाला तो जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. कापलेला माल परत न घेण्याची दुकानदाराची रीत म्हणूनच रास्त आहे.

आता अनेक कुटुंबे कार्पेट स्वतः खरेदी करतात आणि बसवण्यासाठी वेगळा कारागीर बोलावतात. त्याची कारणे व्यापारी मनाला पटणारी आहेत. माल आणि काम एकाच ठिकाणी दिले, तर कशाचे किती पैसे पडले हे कळत नाही. स्वतः चार दुकाने फिरले, पुण्या-मुंबईचा भाव विचारला, भदोही, मिर्झापूर किंवा पानिपतकडील मालाची चौकशी केली, तर पसंतीला वाव राहतो आणि दरातही फरक पडतो. ही बचत खरी आहे. मात्र तिच्याबरोबर एक गोष्ट गुपचूप हात बदलते, ती म्हणजे मापाची जबाबदारी.

संपूर्ण काम दुकानाला दिले, तर माप दुकानाच्या माणसाने घेतलेले असते. तुकडा कमी पडला तर दुसरा आणून देणे हे त्या दुकानाचे काम ठरते. माप घरच्या माणसाने घेतले, माल त्याने निवडला आणि कारागीर फक्त बसवायला आला, तर तुकडा कमी पडल्याची भरपाई कोण देणार? दुकानदार म्हणेल की सांगितले तेवढे कापून दिले. कारागीर म्हणेल की समोर ठेवले तेवढे बसवले. दोघांचेही म्हणणे खरे असते. उरतो तो माप सांगणारा.

जैन व्यापारी कुटुंबांना मापाचा विषय धर्माच्या अंगानेही परिचित आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा एक आहे. देताना कमी आणि घेताना अधिक असे माप वापरणे, हा त्याचा सर्वपरिचित अर्थ. विक्रेत्याच्या भूमिकेतून हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. खरेदीदाराच्या भूमिकेतून त्याचा विचार क्वचितच होतो. स्वतः माप घेऊन गालिचा विकत घेणारा गृहस्थ त्या व्यवहारात माप देणारा असतो. त्याने दिलेल्या आकड्यावर दुकानदाराची कात्री चालते आणि कारागिराचा दिवस ठरतो. आकडा चुकीचा देऊन नंतर ओळखीचा, नात्याचा किंवा जुन्या उधारीचा दाब आणून कापलेला तुकडा परत घ्यायला लावणे, म्हणजे आपल्या मापातील उणेपण दुसऱ्याच्या खात्यावर टाकणे होय. अशा वेळी गज विक्रेत्याच्या हातात नसला तरी नियमाचा आशय तोच राहतो.

म्हणून मापाकडे नीट पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी सोलापूरची घरे कशी आहेत ते आधी ध्यानात घेतले पाहिजे. जुन्या पेठांतील वाड्यांत खोली फुटांत नव्हे, खणांत सांगितली जाते. दोन खणांची माडी, तीन खणांची ओसरी. खण म्हणजे दोन तुळयांमधील अंतर. ते प्रत्येक वाड्यात निराळे. भिंती जाड, कोठे फुगलेल्या, कोठे नंतर गिलावा देऊन पुढे आलेल्या. वाटणीच्या वेळी मध्ये घातलेली भिंत क्वचितच काटकोनात असते. खाली शहाबादी फरशी. तिच्या सांध्यांच्या रेषा सरळ दिसतात, त्यामुळे खोलीही चौरस आहे असा भास होतो.

जुळे सोलापूर किंवा होटगी रस्त्याकडील नव्या सदनिकांत प्रश्न वेगळा येतो. तेथे कागदावर ‘कार्पेट एरिया’ लिहिलेला असतो आणि गृहस्थ तोच आकडा घेऊन गालिच्याच्या दुकानात जातो. नावात कार्पेट असले तरी तो आकडा गालिच्यासाठी नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील व्याख्येनुसार कार्पेट एरियामध्ये बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत, पण घराच्या आतील विभाजक भिंतींची जागा धरतात. भिंतीखाली गालिचा घालायचा नसतो. शिवाय स्वयंपाकघर, न्हाणीघर सारे त्यात आलेले असते. नकाशावरील खोलीचे मापही गिलावा आणि फरशीची पट्टी लागण्यापूर्वीचे असू शकते. माप नेहमी तयार झालेल्या खोलीत, फरशीवर बसून घ्यावे.

या विषयात सोलापूरकरांना एक जवळचा आधार आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. १९६३ साली तो हिंदी अनुवादासह सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रसिद्ध केला. त्यातील क्षेत्रगणिताच्या प्रकरणात महावीराचार्य क्षेत्रफळ काढण्याच्या दोन पातळ्या वेगळ्या ठेवतात. एक व्यावहारिक, म्हणजे स्थूल, दुसरी सूक्ष्म. चार बाजू असमान असलेल्या क्षेत्रासाठी व्यावहारिक रीत सोपी आहे. समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज करून निम्मी करावी, उरलेल्या दोन बाजूंचेही तसेच करावे आणि दोन्ही निमपटींचा गुणाकार करावा. जुन्या वाड्यातील वाकड्या खोलीचा अंदाज घेण्यासाठी ही रीत आजही पुरेशी आहे. अंदाज कोठे चालतो आणि सूक्ष्म माप कोठे लागते, हा भेद मात्र विसरता कामा नये. दराची चौकशी करताना, दोन दुकानांची तुलना करताना स्थूल क्षेत्रफळ चालते. कात्री लावण्यासाठी ते चालत नाही.

याच संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत ‘तिलोयपण्णत्ती’ १९४३ आणि १९५१ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. त्या ग्रंथात अंगुलाचे तीन प्रकार आहेत: उत्सेधांगुल, प्रमाणांगुल आणि आत्मांगुल. घर, बाग, शय्या, भांडी अशा माणसाच्या वापरातील वस्तूंसाठी आत्मांगुल सांगितले आहे, आणि ते त्या त्या काळातील माणसाच्या स्वतःच्या बोटाचे माप आहे. वीत, हात, पाऊल ही घरगुती मापे त्याच जातीची. एकाच घरात, एकाच माणसाने, एकाच कामासाठी वापरली तोवर ती निभावतात. माप घेणारा घरात, कापणारा नव्या पेठेत आणि बसवणारा तिसरीकडे असा आजचा व्यवहार झाला, की तिघांचे अंगुल एकच असावे लागते. ते एकपण मिळवण्यासाठी स्टीलची टेप वापरावी. शिंप्याची कापडी टेप वापराने ताणलेली असते. लहान कपड्यात तो फरक जाणवत नाही, १५ फुटांच्या खोलीत तो इंचात जातो.

माप घेण्याची रीत अशी. प्रथम कागदावर खोलीची आकृती काढावी आणि चारही भिंतींना नावे द्यावीत: रस्त्याकडील, चौकाकडील, देवघराकडील, जिन्याकडील. लांबी तीन ठिकाणी मोजावी, दोन्ही कडांना आणि मध्यावर. रुंदीही तशीच तीन ठिकाणी. तिन्ही आकडे लिहावेत आणि त्यांतील सर्वांत मोठा धरावा. सरासरी धरली तर एका बाजूला फरशी उघडी राहणार हे निश्चित. दार असेल तेथे माप भिंतीपाशी थांबवू नये. उंबरठ्यापर्यंत, किंवा उंबरठा नसेल तर मिटलेल्या दाराच्या फळीखालपर्यंत न्यावे. खिडकीखालचा आत गेलेला भाग, भिंतीतले कपाट, खांब यांची मापे स्वतंत्र लिहावीत. भिंतीलगतच्या वजनदार कपाटाखाली गालिचा न्यायचा की नाही, हे त्याच वेळी ठरवावे.

यानंतर दोन्ही कर्ण मोजावेत, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर. समोरासमोरच्या भिंती समान आणि दोन्ही कर्णही समान, तर खोली काटकोनात आहे. कर्णांत फरक पडला तर खोली तिरकी आहे. एकच कोपरा तपासायचा असल्यास कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण करावी. दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट आले तर तो कोपरा काटकोन आहे. गवंडी गुण्या लावतो त्यामागे हेच गणित असते.

एक उदाहरण पाहू. वाड्यातील एका खोलीच्या समोरासमोरच्या लांब भिंती १४ फूट २ इंच आणि १३ फूट १० इंच आहेत. आखूड भिंती ११ फूट १ इंच आणि १० फूट ८ इंच. व्यावहारिक रीतीने लांबीची निमपट १४ फूट, रुंदीची निमपट १० फूट साडेदहा इंच. गुणाकार १५२.२५ चौरस फूट. गृहस्थ दुकानात जाऊन १५३ चौरस फूट मागतो. परंतु कार्पेट चौरस फुटांत विणलेले नसते. ते ठरावीक पन्ह्याच्या गुंडाळीत येते. १२ फूट आणि ४ मीटर हे सर्वसाधारण पन्हे. १२ फुटी पन्ह्यातून या खोलीसाठी एकच सलग तुकडा निघतो, पण पूर्ण १२ फूट पन्हा विकत घ्यावा लागतो. लांबीला सर्वांत मोठे माप १४ फूट २ इंच. कर्णांत ५ इंचांचा फरक निघाला, तर खोली सुमारे ३ इंच तिरकी असते. ते ३ इंच मिळवावेत. कारागिराला भिंतीलगत कापून बसवण्यासाठी दोन्ही टोकांना ३-३ इंच सोडावेत. एकूण १४ फूट ११ इंच. बारांनी गुणले की १७९ चौरस फूट.

म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष खरेदी यांत जवळजवळ २७ चौरस फुटांचे अंतर पडले. दर चौरस फुटाला ६० रुपये धरला तर ते १६०० रुपयांच्या आसपास जाते. हा दुकानदाराचा लबाड हिशेब नव्हे. पन्हा आणि खोली यांचे जमत नसल्याने पडणारी ती तूट आहे. कापड व्यापाऱ्याला हे नवे नाही. अंगरख्याचे कापड किती लागेल हे पन्हा विचारल्याशिवाय तो कधी सांगत नाही. गालिच्याच्या दुकानातही पहिला प्रश्न दराचा नव्हे, पन्ह्याचा असावा. जास्तीचे कापण वाया जाऊ द्यायचे नसेल, तर ते देवघरापुढे किंवा जिन्याच्या पायथ्याशी घालता येईल का, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

आकडे लिहिण्यातही एक सापळा आहे. साडेदहा फूट म्हणजे १० फूट ६ इंच, दशांशात १०.५. पुष्कळ जण घाईत १०.६ असे लिहितात. दुकानातील माणूस ते यंत्रावर दशांश म्हणून घालतो आणि तुकडा १० फूट ७ इंचांहून थोडा मोठा निघतो. येथे जास्तीचे कापण वाढले एवढेच. पण १० फूट ११ इंच हे १०.११ असे लिहिले, तर यंत्राच्या दृष्टीने ते १० फूट आणि सव्वा इंचाच्या आसपास होते. साडेनऊ इंचांहून अधिक गालिचा गायब. म्हणून फूट आणि इंच हे शब्द लिहून काढावेत, बिंदू वापरू नये. घरातील वडीलधारी मंडळी वार सांगतात, बिल मीटरमध्ये येते आणि कारागीर फुटांत बोलतो. एक वार म्हणजे ३ फूट, म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर, मीटर त्याहून सुमारे सव्वातीन इंचांनी मोठा. ४ मीटर पन्हा म्हणजे १३ फूट दीड इंच. प्रत्येक माप सेंटिमीटरमध्येही लिहून ठेवले तर तिघांचे बोलणे एकाच आकड्यावर येते.

दिवाणखाना मोठा असेल तर सांध्याचा प्रश्न येतो. समजा, तो १८ फूट लांब आणि साडेतेरा फूट रुंद आहे. क्षेत्रफळ २४३ चौरस फूट. १२ फुटी पन्हा पुरत नाही, ४ मीटरचाही साडेचार इंचांनी कमी पडतो. आता दोन मार्ग. पहिला, पन्हा आडवा धरून १४-१४ फुटांचे दोन तुकडे घेणे. त्यात ३३६ चौरस फूट माल लागतो, एकच सांधा येतो आणि साडेपाच फूट रुंद व १४ फूट लांब असा चांगला तुकडा उरतो. दुसरा, साडेअठरा फुटांचा एक लांब तुकडा घेऊन कडेची दोन फुटी पट्टी जोडत जाणे. त्यात सुमारे २६२ चौरस फुटांत काम होते, पण ती पट्टी सहा लहान तुकड्यांची होते आणि एका लांब सांध्याशिवाय पाच आडवे सांधे पडतात.

पट्टीचे तुकडे फिरवून सांधे कमी करता येतील, असे कोणी सुचवील. मखमल हाताळलेल्या व्यापाऱ्याला त्यातील अडचण लगेच कळेल. गालिच्याची लव एका दिशेला झुकलेली असते. तुकडा फिरवला की तोच रंग एकीकडे उजळ आणि दुसरीकडे गडद दिसतो. सर्व तुकड्यांची लव एकाच दिशेने गेली पाहिजे आणि सर्व माल एकाच गुंडाळीतून, निदान एकाच रंगणीतून आला पाहिजे. नंतर ‘अजून थोडे द्या’ म्हणून आणलेला तुकडा क्वचितच जुळतो. नक्षीचा गालिचा असेल तर नक्षी जुळवण्यासाठी प्रत्येक जोडाला एक पूर्ण नक्षीभर लांबी अधिक धरावी लागते.

तिसरा मार्गही आहे आणि सोलापूरच्या हवेला तो अधिक मानवतो. चारही बाजूंनी ९-९ इंच फरशी मोकळी ठेवली, तर त्याच दिवाणखान्याला १२ फूट रुंद आणि साडेसोळा फूट लांब असा एक सलग तुकडा पुरतो. माल १९८ चौरस फूट, सांधा एकही नाही. कडांना गोट शिवून घ्यावा लागतो, त्याची मजुरी वेगळी. तरी एकूण खर्च बहुधा आटोक्यात राहतो. शहाबादी फरशीची काळसर चौकट गालिच्याभोवती शोभून दिसते, आणि भिंत थोडी वाकडी असली तरी ती चौकट पुष्कळसे झाकून नेते. वाकडेपणा इंच-दोन इंचांहून अधिक असेल तर मात्र चौकट कमी-अधिक दिसेल. तेव्हा गालिचा मुख्य दाराकडील भिंतीला समांतर धरावा.

जैन घरासाठी या तिसऱ्या मार्गाचे महत्त्व पैशापलीकडचे आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत गोंदाने चिकटवलेला गालिचा उचलता येत नाही. चैत्र-वैशाखातील धूळ त्याच्या मुळाशी जाऊन बसते. तळमजल्यावर फरशीतून ओल येत असेल तर ती खालीच कोंडते. लोकरीच्या मालाला कसर लागते, आणि अंधार, ऊब व केरकचरा मिळाला की सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते. मग एक दिवस औषध मारणाऱ्याला बोलावण्याची वेळ येते. जीव उत्पन्न होतील अशी स्थिती आपणच निर्माण करायची आणि पुढे त्यांचा नाश करायचा, हे यत्नाचाराशी जुळत नाही. जो गालिचा आठवड्याला एका बाजूने उचलून खालून मृदू केरसुणीने झाडता येतो, उन्हात टाकता येतो आणि चातुर्मासापूर्वी गुंडाळून कोरड्या जागी ठेवता येतो, तो या घरांच्या दिनक्रमाशी जुळतो. ज्यांना लोकर वा रेशीम नको, त्यांना सुती सतरंजी, ताग किंवा कृत्रिम धाग्याचा माल मिळतो. दुकानात वरचा धागा आणि पाठीचे अस्तर या दोन्हींची चौकशी करावी. अनेकदा पहिल्याचेच नाव सांगितले जाते.

खोलीइतकेच वाटेचेही माप घ्यावे, आणि हे बहुतेक जण विसरतात. १२ फुटी पन्ह्याची गुंडाळी म्हणजे १२ फूट लांबीचा जड ओंडका. वाड्याच्या अरुंद, दोनदा वळणाऱ्या दगडी जिन्यावरून तो माडीवर जात नाही. सदनिकेच्या उद्वाहकातही मावत नाही. गालिचा घडी घालून न्यावा लागेल का, आणि त्या मालाला घडी चालते का, हे आधी विचारावे. काही मालाच्या पाठीला घडीची कायमची मोड पडते. दार आत उघडत असेल, तर गालिचा आणि त्याखालचे अस्तर यांची मिळून जाडी किती, आणि दाराखाली फट किती, हे पाहावे. दार अडत असेल तर सुताराकडून खालून रंधा मारून घ्यावा, तोही कारागीर येण्याच्या आदल्या दिवशी.

कारागिराशी व्यवहार खरेदीपूर्वी सुरू व्हावा, हा या सर्वांचा गाभा आहे. बहुतेक घरांत उलट होते. माल येऊन पडतो आणि मग कारागीर शोधला जातो. त्याऐवजी आपण काढलेली आकृती त्याला आधी दाखवावी, त्याला एकदा खोलीत आणावे आणि त्या फेरीचे पैसे द्यावेत. टेप त्याच्या हाती द्यावी आणि आपल्या आकड्यांशी त्याचे आकडे ताडून पाहावेत. सांधा कोठे येईल, लव कोणत्या दिशेला जाईल, टोकांना किती सोडायचे, अस्तर कोण आणणार, कडांना गोट कोण शिवणार, जुना गालिचा कोण उचलणार, हे सारे त्याच कागदावर लिहावे. खाली दोघांनी सही करावी. त्याच कागदाची प्रत दुकानदाराला द्यावी आणि बिलावर मालाचा प्रकार, पन्हा, लांबी आणि रंगाचा क्रमांक उतरवून घ्यावा. माल घरी आला की कारागिराला निरोप देण्यापूर्वी तो उलगडून पन्हा व लांबी मोजून पाहावी. माल कमी कापला गेला असेल तर ते त्याच दिवशी सांगावे. बसवून झाल्यावर केलेली तक्रार सिद्ध करणे कठीण असते.

मजुरी ठरवताना एक गोष्ट लक्षात असावी. माल आणि काम दोन्ही करणाऱ्याला मालातही काही सुटते. फक्त बसवणाऱ्याला तसे काही सुटत नाही. त्याचे उत्पन्न हातांच्या कामापुरतेच असते. मालात वाचलेले पैसे पाहून त्याच्या मजुरीतही घासाघीस करणे बरे नव्हे. सर्व काळजी घेऊनही तुकडा कमी पडला, तर माप कोणाचे होते ते कागदावर असते. ते घरच्यांचे असेल, तर कारागिराच्या फुकट गेलेल्या दिवसाची मजुरी त्याला द्यावी आणि नवा तुकडा स्वतःच्या खर्चाने आणावा. कारागिराच्या कात्रीने चूक झाली असेल, तर तोही कागदापुढे वाद घालत नाही. आधी लिहिलेले असले म्हणजे ओळखीची माणसे ओळखीचीच राहतात.

काम संपल्यावर तो कागद फेकू नये. बिलासोबत, घराच्या इतर कागदपत्रांत ठेवावा. खोलीच्या भिंती बदलत नाहीत. पुढे कधी पडदे, सतरंजी, गाद्या किंवा नवा गालिचा घ्यायचा झाला, तर तीच आकृती, तेच कर्ण, त्याच दारांची मापे उपयोगी पडतात. घरातील मुला-मुलींना टेपचे दुसरे टोक धरायला द्यावे आणि आकडे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावेत. पेढीवर गज धरायला शिकण्याआधी घरच्या फरशीवर माप घेणे त्यांच्या अंगवळणी पडेल.